पेटीची साथ आणि पगाराची नोकरी

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी ठाण्यात राहतो, वय ३९. एका औषध कंपनीच्या विक्री विभागात बारा वर्षे नोकरी करतो आहे. पेटी, म्हणजे संवादिनी किंवा हार्मोनियम, लहानपणापासून शिकलो, कॉलेजात असताना विशारद झालो आणि गेली काही वर्षे ठाणे, मुलुंड, डोंबिवली या भागांतील मैफलींत, दिवाळी पहाटेच्या आणि अभंगवाणीच्या कार्यक्रमांत साथ करतो. गायक मंडळी आवर्जून बोलावतात. मानधन कधी घेतो, कधी घेत नाही. पगार असल्यामुळे मागायला संकोच वाटतो. मध्यंतरी सोसायटीतील दोन मुलांना शिकवत होतो, परंतु ती घरी सराव करीत नसत, माझी चिडचिड होऊ लागली आणि मी ते बंद केले.

गेल्या वर्षी कंपनीत नवे साहेब आले. तेव्हापासून विक्रीची वाढती उद्दिष्टे, रात्री उशिरापर्यंतच्या मीटिंगा, महिन्यातून दोन-तीन दौरे आणि रविवारीही फोन असे चालले आहे. रियाजाला आठवडा-आठवडा हात लागत नाही. सकाळी कार्यालयात जाताना जीव नकोसा होतो. अशा वेळी वाटते, जे मनापासून येते तेच करावे.

पत्नी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी सातवीत आहे आणि घराच्या कर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत. वडील म्हणतात, ‘पेटी कुठे पळून जाते आहे?’ पत्नी काहीच बोलत नाही. गुरुजी एवढेच म्हणाले, ‘हात तयार आहे, बाकी तू पाहा.’ नोकरी सोडून मी पूर्णवेळ संवादिनीवादक व्हावे का?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. आजच्या स्थितीत राजीनामा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा नकार कायमचा नाही, आणि कोणत्या गोष्टी बदलल्या तर माझे उत्तरही बदलेल, ते पुढे लिहिलेच आहे. तुमचा हात तयार नाही किंवा तुमची ओढ खरी नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही; गायक पुन्हा पुन्हा बोलावतात ही साथीदाराच्या गुणवत्तेची सर्वांत विश्वासार्ह खूण असते. माझी शंका निराळ्या जागी आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. नोकरीतील त्रासाबद्दल तुम्ही भरभरून आणि बारकाईने लिहिले आहे. पूर्णवेळ वादक झाल्यावर दिवस कसा जाईल, पैसे कोठून येतील, कोणाबरोबर वाजवायचे आहे, याबद्दल मात्र एकही वाक्य नाही. नोकरी सोडावीशी वाटणे आणि संगीताच्या व्यवसायात शिरावेसे वाटणे या दोन वेगळ्या इच्छा आहेत आणि सध्या तुमच्या मनात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिलीचे उत्तर कदाचित दुसरी नोकरी हे असेल, कदाचित त्याच कंपनीतील दौरे नसलेला विभाग हे असेल. बारा वर्षांच्या अनुभवानंतर कमी धावपळीची आणि थोड्या कमी पगाराची जागा शोधणे तुम्हाला अशक्य नसावे. तेवढ्याने रोजचा दीड तास रियाजाला मिळाला, तर आज जी घुसमट होते आहे तिचा मोठा भाग कमी होतो की नाही, हे आधी पाहायला हवे. साहेबांवरच्या रागातून घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी पेटीवर टाकणे मला योग्य वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारता की पूर्णवेळ संवादिनीवादक व्हावे का. परंतु ठाण्या-मुंबईकडे पूर्णवेळ पेटी वाजवून राहणाऱ्यांपैकी बहुतेकांचे घर साथीवर चालत नाही, ते शिकवण्यांवर चालते. साथीचे काम हंगामी आहे. आषाढीच्या सुमारास अभंगवाणी असते, मग गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, डिसेंबर ते फेब्रुवारीतील संगीत महोत्सव आणि पाडवा. यांच्या मध्ये पितृपक्षासारखे आणि ऐन उन्हाळ्यासारखे काळ जवळजवळ कोरडे जातात. शिवाय भरलेल्या हंगामात सगळ्यांनाच तुम्ही एकाच पहाटे हवे असता, आणि दिवाळीच्या पहाटे माणूस एकाच व्यासपीठावर बसू शकतो. कथकच्या वर्गांना आणि तबलावादकांच्या रियाजाला लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाला धरून तीच ती धून, वाजवत राहण्याचे काम पूर्वी पेटीवाल्यांना नियमित मिळत असे. आता रियाजापुरते तरी ते मोबाइलवरच्या अॅपने बरेचसे घेतले आहे. दूरच्या गायकाला ऑनलाइन साथ करावी म्हटले, तर आवाज पोहोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे लय जमत नाही. ऑनलाइन शिकवणे मात्र जमते, कारण तिथे आधी गुरू वाजवतो आणि मग विद्यार्थी. त्यामुळे अमेरिकेतील मराठी घरांतली मुले भारतातल्या शिक्षकांकडे शिकतात आणि त्यांच्या सोयीसाठी इथले शिक्षक पहाटे किंवा रात्री संगणकासमोर बसतात. म्हणजे तंत्रज्ञानानेही साथीचे काम कमी केले आहे आणि शिकवण्याचे वाढवले आहे.

केवळ साथीवर जगणे पूर्वीच्या काळी सोपे होते, असेही नाही. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या थोर गवयालाही शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबाराचा आश्रय होता. पेटीवर ज्यांनी असामान्य प्रभुत्व मिळवले ते गोविंदराव टेंबे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत भागीदार होते. त्यांनी नाटकांना चाली दिल्या, १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीच्या पहिल्या मराठी बोलपटाला संगीत दिले, त्यात भूमिकाही केली आणि लेखनही केले. पुढे नभोवाणी हा कलावंतांचा मोठा आधार झाला, पण पेटीवाल्यांसाठी ते दार १९४० साली बंद झाले आणि १९७१ सालापर्यंत बंदच राहिले. श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म भेद) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) यांना हे वाद्य न्याय देत नाही, असा त्यामागचा आक्षेप होता. या तीन दशकांत महाराष्ट्रातली पेटी टिकली ती नाटकामुळे, कीर्तन-भजनामुळे आणि शिकवण्यांमुळे. हा इतिहास तुम्हाला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. वादकाचे पोट नेहमीच वादनाच्या शेजारच्या एखाद्या कामावर भरत आले आहे आणि त्या शेजारच्या कामाशी आपले जमते का, हा प्रश्न प्रत्येक पिढीतल्या वादकाला सोडवावा लागला आहे, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे.

तुमच्या काळात ते शेजारचे काम म्हणजे शिकवणे. म्हणूनच तुमच्या पत्रातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे, ते त्या दोन मुलांविषयीचे आहे. मुले घरी सराव करीत नव्हती म्हणून तुम्ही शिकवणी थांबवली. पण पेटीच्या वर्गाला येणारी बहुतेक मुले घरी सराव करीत नाहीत! काहींना आईने पाठवलेले असते, काहींना पोहण्याच्या आणि चित्रकलेच्या वर्गाला जोडून हा एक वर्ग असतो, काही जण गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांपुरते येतात. दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळतात म्हणून आलेली मुले दहावी झाल्यावर दिसत नाहीत. मग निवृत्तीनंतर हौसेने आलेली प्रौढ मंडळी असतात. त्यांची बोटे वळत नाहीत, पण ऐकण्याची आवड मोठी असते, आणि चांगल्या शिक्षकाला त्यांच्याकडून फार समाधान मिळते. या सगळ्यांना अलंकारांचे तेच ते पलटे वर्षानुवर्षे, न कंटाळता आणि न खेकसता शिकवणे ही स्वतंत्र कला आहे. ती वादनाच्या खालच्या पायरीवरची नाही. ज्याला ती येते त्याच्या घरी मुलांची रीघ लागते, आणि ज्याला येत नाही त्याचा वर्ग वादक कितीही मोठा असला तरी ओस पडतो.

तुमच्यात ती कला नाही, असे दोन मुलांवरून मी ठरवत नाही. दिवसभर उद्दिष्टांच्या मागे धावून आलेल्या माणसाची सहनशक्ती संध्याकाळी संपलेली असते. पण हे तुमचे तुम्हाला कळल्याशिवाय राजीनामा देणे म्हणजे ज्या कामावर घर चालणार ते काम आपल्याला आवडते की नाही, हे न पाहताच त्यात उडी घेणे होईल. आठवड्याला पंधरा-वीस विद्यार्थ्यांना शिकवायचे आहे आणि महिन्यातून दोन-तीनदा साथ करायची आहे, असे उद्याचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून पाहा. ते पाहून मनाला उभारी येते की पुन्हा नोकरीसारखेच ओझे वाटते?

दुसरी गोष्ट साथीच्या स्वातंत्र्याची. आज तुम्ही ज्यांच्याबरोबर आनंद मिळतो त्यांनाच होकार देता आणि बाकीच्यांना कार्यालयाचे निमित्त सांगता येते. व्यवसाय म्हटल्यावर ते निमित्त जाते. आवाज लागत नसतानाही तीन तास गाणाऱ्या हौशी गायकाला सांभाळून घ्यावे लागते, लग्नाच्या संगीत कार्यक्रमात चित्रपटगीतांना वाजवावे लागते, ऐन वेळी पट्टी बदलली तर तक्रार करून चालत नाही, आणि आयोजकाने मानधन दोन महिन्यांनी दिले तरी पुढच्या वेळी हसून जावे लागते. यात कमीपणा काहीच नाही. हे सर्व प्रामाणिकपणे करणारे साथीदार माझ्या मते फार मोठ्या मनाची माणसे आहेत. परंतु काही जणांची आवड या वापराने वाढते आणि काहींची झिजते. झिजली, तर ज्या एका गोष्टीने कठीण दिवसांत तुम्हाला सावरले तीच हातची जाते, आणि ते नुकसान पगाराच्या नुकसानीहून मोठे असेल.

अशा वेळी लोक डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण देतात, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या डॉ. लागूंनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली, हे खरे आहे. मात्र त्याआधी पुण्यात आणि मुंबईत अनेक वर्षे त्यांनी हौशी आणि प्रायोगिक नाटके वैद्यकी सांभाळूनच केली होती. गायक डॉ. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात दीर्घकाळ नोकरीत होते, त्या नोकरीपायी त्यांना ईशान्येकडील दूरच्या मुलखातही जावे लागले, आणि ते गाण्याला पूर्ण वेळ देऊ लागले तेव्हा त्यांचीही चाळिशी मागे पडली होती. १९६७ सालच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाने त्यांना महाराष्ट्राच्या घराघरात नेले ते त्यानंतर. डॉ. मोहन आगाशे यांनी तर मानसोपचाराचे अध्यापन आणि अभिनय ही दोन्ही कामे बरोबरीने केली, आणि त्यांच्या अभिनयाला कोणी हौशी म्हटले नाही. या तिघांनी तीन वेगवेगळे निर्णय घेतले. त्यांत मला एकच गोष्ट समान दिसते: नोकरीच्या किंवा पेशाच्या वर्षांत त्यांची कला थांबलेली नव्हती. आणि हेही लक्षात ठेवा की ज्यांनी नोकरी सोडली आणि ज्यांचे जमले नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे थोरांच्या उदाहरणावरून आपल्या शक्यतेचा अंदाज बांधू नये.

आता घराविषयी. तुमच्या पत्नी काहीच बोलत नाहीत, असे तुम्ही लिहिता. त्या मौनाचा अर्थ संमती असा घेऊ नका आणि विरोध असाही घेऊ नका. त्यांना बहुधा अजून बोलण्यासारखे काही दिलेच गेलेले नाही. तुम्ही त्यांच्यापुढे तुमचे दुःख मांडले असेल, इच्छा मांडली असेल, आणि नवऱ्याच्या दुःखाला किंवा इच्छेला नाही म्हणणे कोणत्याही प्रेमळ माणसाला जड जाते. त्यांच्यापुढे आकडे ठेवा. गेल्या वर्षभरात किती कार्यक्रम झाले, प्रत्येकाचे किती मिळाले, प्रवासाला किती गेले, हे महिन्यांच्या क्रमाने एका कागदावर लिहा आणि शेजारी घरखर्च, मुलीची फी, कर्जाचा हप्ता लिहा. तुम्ही नोकरी सोडलीत तर घराचा मुख्य पगार त्यांचा होणार आहे. त्यांची नोकरी कायम आहे की कंत्राटी, पुढे त्यांनाच काही वर्षे विश्रांती घ्यावीशी वाटली तर काय, मुलीच्या दहावी-बारावीच्या काळात संध्याकाळी घरात शिकवण्या चालणे त्यांना चालेल का, हे सर्व प्रश्न त्यांचेही आहेत. हा निर्णय तुमचा आणि त्यांनी साथ द्यायची, अशी मांडणी कृपया करू नका. निर्णय दोघांचाच असायला हवा. वडिलांच्या वाक्यात मला विरोधापेक्षा काळजी अधिक ऐकू येते, आणि त्यात तथ्यही आहे. पेटीला वयाची अट नाही. साठीनंतरही उत्तम वाजवणारे आणि शिकवणारे भरपूर आहेत. नृत्याची किंवा खेळाची गोष्ट असती, तर मी वेळेची निकड अधिक मानली असती.

पैशाच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगते. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःच्या विम्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून पुढे काहीही ठरले तरी कुटुंबाचा स्वतंत्र विमा आत्ताच घ्या. भविष्य निर्वाह निधीला आणि उपदानाला (ग्रॅच्युइटीला) हात न लावता एक वर्षाचा घरखर्च हप्त्यासह वेगळा साठलेला असावा, याहून कमी तयारीने मी कोणाला नोकरी सोडण्यास सांगणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये कार्यक्रम एका आठवड्यात बंद पडले आणि कित्येक साथीदारांच्या घरी महिनोन्‌महिने काहीच आले नाही. ती आठवण अजून ताजी आहे. कर्जाची फेररचना करायची असेल, तर तीही पगाराची पावती हातात असतानाच करावी, कारण स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका मागील काही वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागतात.

येत्या वर्षात काय करावे, याबद्दल माझे म्हणणे असे आहे. दौरे कमी असलेली जागा शोधण्यास आजपासून लागा. शनिवार-रविवारी चार-पाच विद्यार्थी घ्या, त्यांत दोन अगदी नवशिके आणि एखादी प्रौढ व्यक्ती असू द्या, आणि किमान एका परीक्षा-सत्रापर्यंत, म्हणजे मुले परीक्षेला बसून निकाल येईपर्यंत, त्यांना सोडू नका. गुरुजींकडे नियमित जाणे पुन्हा सुरू करा. ते म्हणाले ‘हात तयार आहे’. शिकवायला कसे शिकावे हे त्यांना विचारा, त्यांच्या वर्गात मागे बसून ते नवशिक्यांना कसे हाताळतात ते पाहा. एरवी ज्याला नाही म्हटले असते, अशा प्रकारचे दोन-तीन कार्यक्रमही मुद्दाम घ्या आणि घरी परतताना मन कसे आहे ते स्वतःशी खरेपणाने नोंदवा.

वर्षाअखेरीस शिकवण्याचा कंटाळा आलेला नसेल, विद्यार्थी आपण होऊन वाढले असतील, राखीव रक्कम साठली असेल आणि तुमच्या पत्नी आकडे पाहून ‘करू या’ म्हणत असतील, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी तुम्हाला थांबवणार नाही, आनंदाने होकार देईन. आणि शिकवणे नकोसेच वाटले, तर नोकरी ठेवून मनाजोगत्या गायकांबरोबर वाजवत राहणे हा पराभव मानू नका. महाराष्ट्राच्या संगीतजीवनाचा फार मोठा भाग बँका, शाळा, टपाल आणि रेल्वे यांत नोकरी करणाऱ्या, पण रियाजाला न चुकणाऱ्या वादकांनी उभा केला आहे.

एक गोष्ट मात्र वर्षभर वाट न पाहता आजच बदला, आणि ती तुम्ही न विचारता सांगते आहे. पगार आहे म्हणून मानधन न घेणे थांबवा. तुमच्या संकोचाचा भार तुमच्यावर पडत नाही. तो त्याच परिसरातील अशा पेटीवाल्यावर पडतो ज्याचे घर केवळ याच कामावर चालते, आणि ज्याला आयोजक सांगतो की दुसरे एक गृहस्थ तर काहीच घेत नाहीत. उद्या तुम्ही स्वतः पूर्णवेळ या क्षेत्रात आलात, तर तुम्हालाही हेच ऐकावे लागेल. यंदाच्या दिवाळी पहाटेचे निमंत्रण येईल तेव्हा तारीख ठरवण्याआधी मानधनाचा आकडा विचारा, भागात इतर साथीदार जो दर घेतात त्याहून कमी सांगू नका, आणि ती रक्कम घरखर्चात न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवा.

तुमची,
ताई